मार्चमध्ये निघालेली फौज

जानेवारीत अमृतसरला जायचंय. झरीत बॅग भरणं सुरू आहे: थर्मल, कानटोपी, लोकरीचे मोजे. परभणीहून सचखंड एक्सप्रेस निघाली की थोड्याच वेळात परतूर येतं, आणि दुसऱ्या दिवशी पानिपत.

हाच टप्पा १७६०मध्ये एका फौजेने गाठला होता. फेब्रुवारीत उदगीरची लढाई जिंकून सदाशिवरावभाऊ मार्चमध्ये परतूरहून उत्तरेला निघाले. उन्हाळा तोंडावर, थंडीचं कोण बघणार? सोबत बायकापोरं होती, यात्रेकरूही होते. पावसाळ्यात यमुना फुगली आणि मोहीम लांबली. ऑक्टोबरअखेर अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून आला नि दिल्लीची वाटच तुटली. पानिपतला अडीच महिने छावणी पडून राहिली, तीही ऐन हिवाळ्यात.

आपण वाद घालतो तो तोफांवर, होळकरांवर, विश्वासरावांना लागलेल्या गोळीवर. मला मात्र सरपणाचा प्रश्न मोठा वाटतो. रात्री लाकूडफाटा नि चारा आणायला बाहेर पडलेली माणसं अफगाण स्वारांच्या हाती सापडून मारली जात. म्हणजे शेकोटीसुद्धा जिवावरची. १४ जानेवारी १७६१ला फौज लढायला निघाली, तेव्हा कित्येकांच्या पोटात दोन दिवस अन्न नव्हतं.