उमेदवार आणि मध्यस्थ

‘नोकर’ हा शब्द मूळचा मंगोल भाषेंतला. सरदाराबरोबर घोड्यावर बसून जाणारा सोबती, असा त्याचा तिकडचा अर्थ. फारसीच्या वाटेनें तो आपल्याकडे आला आणि कालांतरानें त्याचा घोडा जाऊन हातीं लेखणी आली. ‘उमेदवार’ हाहि फारसीच. उमेद धरून बसलेला तो उमेदवार. या उमेदवाराचा नोकर व्हावयास मध्यें कोणी तरी लागतो. तो मधला माणूस कोण, आणि त्याचा खर्च कोण सोसतो, हा प्रश्न आम्ही येथें नाशिकपुरता पाहणार आहों. शहरांतील पदवीधर तरुण आज सकाळीं उठून फोनवर नोकरी शोधण्याचीं जीं संकेतस्थळें उघडतो, तीं अगदीं नवीं, पूर्वीं असें कांहीं नव्हतें, असें वडील मंडळी म्हणतात. यंत्र नवें आहे हें खरें. बाकीच्या गोष्टी तितक्या नव्या नाहींत.

नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १८६९ सालीं. त्या काळच्या कचेरींत जागा केव्हां रिकामी होणार हें सहसा छापून येत नसे. तेथें जो हजर असेल त्याला तें कळे. म्हणून हजर राहावयाचें. मुलगा सकाळीं मामलेदाराच्या कचेरींत जाई, मोडी कागदांच्या नकला करी, कारकुनाच्या हाताखालीं हिशेब शिके, आणि असे महिने, कधीं वर्षें, एक पैहि न घेतां काढी. यालाच उमेदवारी करणें म्हणत. या पद्धतीचे गोडवे गाणारे लोक अजून भेटतात. काम शिकून माणूस तयार होई, हें त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. परंतु तयार होईपर्यंत त्याला जेवूं कोण घाली? घरचे. म्हणजे ज्या घराला हातातोंडाशीं आलेला मुलगा वर्षभर बिनपगारी ठेवण्याची ऐपत होती, आणि ज्या घरचा कोणी मामा किंवा काका आधींच कचेरींत चिकटला होता, त्याच घराला हा दरवाजा उघडा. इतरांना तेथें दरवाजा आहे हेंसुद्धां ठाऊक नसे. मध्यस्थ येथें नातेवाईक होता, आणि त्याची किंमत उमेदवार आपल्या श्रमानें फेडीत होता.

छापील जाहिरातीनें यांत पहिला मोठा फरक केला. नाशिकचें सार्वजनिक वाचनालय १८४० सालचें, म्हणजे जिल्ह्यापेक्षांहि वयानें वडील. वर्तमानपत्र विकत घेण्याची ऐपत नसलेला माणूस अशा वाचनालयांत बसून ‘पाहिजेत’ या मथळ्याखालचा मजकूर वहींत उतरून घेऊं शके. त्याला मामाची गरज नव्हती. गोखले एज्युकेशन सोसायटीचें कॉलेज नाशिकास १९२४ सालीं निघालें, आणि पुढच्याच वर्षीं नाशिकरोडला सरकारी सिक्युरिटी प्रेस आला. तोंपर्यंत आपलीं पोस्टाचीं तिकिटें विलायतेंत छापून येत. जाहिरातीचे पैसे मालक भरी, उमेदवारास केवळ टपालखर्च. पण पैसे मालकाचे म्हणून सोयहि मालकाची. पुष्कळ जाहिरातींत मालकाचें नांवच नसे. ‘बॉक्स नंबर अमुक’ इतकेंच. उमेदवारानें आपलें वय, शिक्षण, आधींचा पगार सर्व उघडें करावयाचें, आणि तें कोणापुढें, हें मात्र त्याला कळावयाचें नाहीं. हा बॉक्स नंबर वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडेल.

सरकार स्वतः मध्यस्थ झालें तें दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटीं. लढाईवरून परत येणाऱ्या शिपायांना कामें लावून देण्यासाठीं १९४५ च्या जुलई महिन्यांत एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजें निघालीं. १९४८ पासून तीं सर्वांस खुलीं झालीं, आणि १९५६ च्या नोव्हेंबरांत त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला. १९५९ च्या कायद्यानें सरकारी कचेऱ्या आणि पंचवीस किंवा अधिक नोकर असलेले खासगी कारखाने यांनीं आपल्या रिकाम्या जागा या केंद्रांस कळविणें सक्तीचें केलें. नाशिकच्या दृष्टीनें ही वेळ चांगली साधली. सातपूरची औद्योगिक वसाहत, १९६४ सालीं ओझरला आलेला विमानांचा कारखाना, एकलहऱ्याचें वीजकेंद्र, असा रोजगार त्यानंतरच्या थोड्या वर्षांतच जिल्ह्यांत उभा राहिला. मॅट्रिक झालेला मुलगा निकाल लागतांच एक्स्चेंजांत नांव घाली, आणि तें कार्ड घरांत रेशनकार्डाशेजारीं जपून ठेविलें जाई.

नांवें नोंदविण्याचें नाशिकला अप्रूप नाहीं. गोदाकाठच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानाच्या पिढ्यान् पिढ्यांची नोंद सांपडते. पण त्या वहींत तुमचा आजोबा कोण हें पाहतात. एक्स्चेंजच्या वहींत तें पाहावयाचें नव्हतें. तेथें शिक्षण आणि नोंदणीची तारीख. ज्याच्या घरांत पूर्वीं कोणी कचेरीची पायरी चढला नव्हता त्याचें नांव मामलेदाराच्या पुतण्याच्या वर लागूं शकत होतें, तें केवळ तो आधीं आला म्हणून. आणि त्यासाठीं त्याला कोणास कांहीं द्यावें लागत नव्हतें. या एका गोष्टीसाठीं आम्ही एक्स्चेंजला, त्याच्या सर्व कंटाळवाण्या रांगांसह, मोठें मानतों. दुर्दैवानें कायद्यांतच एक पळवाट होती. जागा कळवावी, पण माणूस केंद्रामार्फतच घ्यावा असें बंधन मालकावर नव्हतें. जागा कळवावयाची आणि माणूस ओळखीचा घ्यावयाचा, हें त्यामुळें सहज शक्य होतें. वहींत नांवें वाढत गेलीं आणि कॉल येईनासे झाले. पुढें १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, सरकारी नेमणुकांस एक्स्चेंजनें धाडलेलीं नांवें पुरेशीं नाहींत, जागेची प्रसिद्धि वर्तमानपत्रांतूनहि झाली पाहिजे. कार्डाचें महत्त्व तेथेंच बरेंचसें ओसरलें.

त्याच वर्षीं दिल्लीच्या प्रगति मैदानावरील एका प्रदर्शनांत संजीव बिखचंदानी या गृहस्थांनीं इंटरनेट पाहिलें. आपल्या देशांत तें सामान्यांस मिळूं लागून जेमतेम वर्ष झालें होतें; अमेरिकेंत बोस्टनच्या परिसरांत मात्र ‘मॉन्स्टर बोर्ड’ नांवाची जागांची यादी १९९४ पासून या तारेवर होती. बिखचंदानी पूर्वीं एका कंपनींत असतां त्यांनीं पाहिलें होतें कीं, कचेरींत व्यापारविषयक नियतकालिक आलें म्हणजे सहकारी तें शेवटच्या पानांकडून वाचावयास घेत, कारण जागांच्या जाहिराती तेथें असत. हे सर्व चांगल्या नोकरींत असलेले लोक! ज्याला नोकरी आहे तोहि मनांतून उमेदवारच असतो, हें एक्स्चेंजच्या वहीला कधीं सुचलें नव्हतें. १९९७ सालीं त्यांनीं ‘नौकरी’ हें संकेतस्थळ काढलें, आणि प्रारंभींच्या जाहिराती वर्तमानपत्रांतूनच उतरून घेतल्या. वाचनालयांतला उमेदवार वहींत करी तेंच काम, फक्त मोठ्या प्रमाणावर.

अशा स्थळांस पैसे कोठून मिळतात? मुख्यतः मालकाकडून. जाहिरातीचें मोल तो देतो, आणि उमेदवारांच्या नांवांच्या साठ्यांत शोध घेण्याच्या हक्काबद्दलहि देतो. वाचनालयांत उमेदवार जाहिराती चाळीत होता; येथें मालक उमेदवार चाळतो. बॉक्स नंबरचा हा थोरला भाऊ. शोध शब्दांवर चालतो. मालकानें ‘टर्नर’ हा शब्द घातला आणि मुलानें ‘लेथ चालवितों’ असें लिहिलें असेल, तर तो सांपडेलच असें नाहीं. शिवाय ज्याची माहिती ताजी तो वर दिसतो, म्हणून मुलें रोज सकाळीं आपल्या बायोडाटांत एखादा शब्द बदलून तो पुन्हां ठेवून देतात. विद्यार्थ्यांनीं हें सांगितलें तेव्हां आम्हांस प्रथम हसूं आलें; मग वाटलें, ही तर कचेरींतली हजेरीच! ‘दिवसभर फोन घेऊन बसतो’ म्हणून मुलावर रागावणाऱ्या वडिलांनीं आपल्या पणजोबांची हकीकत घरांत एकदां विचारून पाहावी. फरक इतका कीं, मामलेदाराला त्या मुलाचा चेहरा माहीत होता, आणि जागा नसली तर ‘पुढल्या वर्षीं बघूं’ एवढें तरी तो तोंडानें सांगे. येथें शंभर अर्ज केले तरी पुष्कळदां नकारसुद्धां येत नाहीं. उत्तराची वाट पाहणाऱ्या मुलाच्या मनावर या मौनाचा काय परिणाम होतो, तें घरच्यांस दिसतें. स्थळास दिसण्याचें कारण नाहीं, त्याचें गिऱ्हाईक दुसरें आहे.

तरी लाभ लहान नाहीं. हिंजवडींतील जागा सिडकोंतल्या मुलीला पुण्याच्या मुलाबरोबर त्याच मिनिटास कळते. जुन्या कचेरीच्या ओट्यावर तिला बसूंच दिलें नसतें. मात्र ओळखीचें राज्य संपलें असें कोणी समजूं नये. ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें १९७४ च्या आपल्या ग्रंथांत बोस्टनशेजारच्या न्यूटन गांवच्या शिकलेल्या नोकरदारांविषयीं दाखविलें कीं, निम्म्याहून अधिकांस नोकरी ओळखीतून लागली होती, आणि ती ओळखहि बहुधा जवळच्या आप्तांची नसून दूरदूरच्यांची होती. अंबडच्या लहान वर्कशॉपांत आजहि कामगाराचा मेहुणा किंवा ठेकेदार हाच मध्यस्थ आहे. आणि गिरणाऱ्याला तर हंगामांत पेठ-हरसूलकडचे मजूर पहाटे उभे राहतात, बागाईतदार येतो, मजुरी ठरते, गाडी निघते. तेथें बायोडाटा कोणी मागत नाहीं.

उमेदवारानें मध्यस्थास पैसे देण्याची जुनी चाल मात्र मागल्या दारानें परत आली आहे. नामांकित कंपनीचें नांव सांगून ‘नोंदणी फी’ किंवा ‘ठेव’ मागणारे भामटे याच तारेवरून घरांत शिरतात. जागा देणारा माणूस उमेदवाराकडूनच पैसे मागूं लागला म्हणजे जागा नाहीं असें खुशाल समजावें. कांहीं स्थळें बायोडाटा लिहून देण्याचे किंवा तो वर दाखविण्याचे पैसे राजरोस घेतात. तो लबाडीचा प्रकार नव्हे, पण ज्याच्याजवळ पैसे नाहींत तो रांगेंत मागें जातो एवढें खरें.

सरकारनें २० जुलै २०१५ रोजीं नॅशनल करिअर सर्व्हिस हें आपलें विनामूल्य स्थळ सुरू केलें. महाराष्ट्राचें ‘महास्वयं’हि आहे. २०२० सालीं संसदेनें संमत केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेंत १९५९ चा कायदा सामावून घेतला गेला आणि एक्स्चेंजला ‘करिअर सेंटर’ हें नांव मिळालें. जागा कळवावी, पण माणूस केंद्रामार्फत घेण्याचें बंधन मालकावर नाहीं, हें जुनें कलम तिनेंहि कायम ठेविलें आहे.