वसईच्या घंटा : परंपरा आणि पुरावा

इ. स. १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला चिमाजी आप्पांच्या स्वाधीन झाला आणि सन १५३४ पासून चालत आलेला पोर्तुगीजांचा तेथील अंमल संपला. या विजयाची जी चिन्हे महाराष्ट्रात उरली आहेत, त्यांत कानांनी ऐकता येईल असे चिन्ह एकच : देवळांतून टांगलेल्या मोठमोठ्या ख्रिस्ती घंटा. भीमाशंकर, नाशिकचे नारोशंकराचे देऊळ, वाईजवळील मेणवली, पुण्याचे ओंकारेश्वर, पालीचा बल्लाळेश्वर या ठिकाणच्या घंटा वसईहून आल्या, असे परंपरा सांगते. चिमाजी आप्पांनी त्या चर्चमधून उतरवून या देवस्थानांना अर्पण केल्या, हे विधान स्थलवर्णनपर पुस्तकांतून इतक्या वेळा आले आहे की, ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही.

वस्तुतः या एका विधानात दोन स्वतंत्र विधाने आहेत. घंटा वसईच्या, हे एक. आणि त्या चिमाजी आप्पांनी दिल्या, हे दुसरे. दोहोंचा पुरावा वेगवेगळा मागितला पाहिजे.

दुसरे विधान आधी घेऊ. चिमाजी आप्पांचा मृत्यू डिसेंबर १७४० मध्ये झाला. म्हणजे वसई घेतल्यानंतर ते पुरती दोन वर्षेही जगले नाहीत. नारोशंकर राजेबहाद्दरांनी गोदाकाठी रामेश्वराचे देऊळ बांधले ते सन १७४७ मध्ये. मेणवलीची गोष्ट तर याहून उत्तरकालीन आहे. ते गाव नाना फडणिसांकडे आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि नानांचा जन्मच मुळी १७४२ चा. कृष्णाकाठचा घाट व तेथील देवालय हे त्यांच्या वैभवकाळातील काम होय. तेव्हा या दोन ठिकाणी तरी चिमाजी आप्पांनी स्वहस्ते घंटा अर्पण केली असणे शक्य नाही. पुण्याच्या ओंकारेश्वराचे तसे नाही. ते देऊळ वसई पडण्यापूर्वी उभारले गेले होते आणि खुद्द चिमाजी आप्पांची समाधीही तेथेच आहे. तेथील परंपरेला कालदृष्ट्या बाध येत नाही. भीमाशंकराचे क्षेत्र तर प्राचीनच.

यावरून निघणारे अनुमान साधे, परंतु महत्त्वाचे आहे. निदान काही घंटा विजयानंतर कित्येक वर्षे देवालयाबाहेर, सरकारी कोठारात अथवा एखाद्या सरदाराच्या ताब्यात राहिल्या असल्या पाहिजेत आणि मग केव्हा तरी त्यांना देऊळ मिळाले. विजयाचा उत्सव आणि देवाला केलेले दान यांच्यामधला हा काळ लोककथेने पुसून टाकला.

आता पहिले विधान. नाशिकच्या घंटेवर १७२१ हे वर्ष आहे. मेणवलीच्या घंटेवर १७०७, आणि सोबत बाल येशूला घेतलेल्या मेरीची उठावाची आकृती. ओतीव घंटेवरची उठावाची अक्षरे साच्यातच घडवलेली असतात. मागाहून कोरून घातलेल्या अक्षरांविषयी संशय घेता येतो, यांच्याविषयी नाही. पण हे वर्ष ओतकामाचे असते, लुटीचे नव्हे. घंटा १७३९ पूर्वीची व ख्रिस्ती उपासनेची आहे एवढे त्यावरून सिद्ध होते. ती वसईचीच, हे होत नाही. मराठ्यांची मोहीम १७३७ च्या मार्चमध्ये ठाणे व साष्टी येथे सुरू झाली होती आणि त्या मुलखातही चर्चची वाण नव्हती. चौलही १७४० च्या तहाने मराठ्यांकडे आले. वसई ही पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी. म्हणून परंपरेतील ‘वसईची घंटा’ म्हणजे पुष्कळदा ‘फिरंगाणातील घंटा’ इतकाच अर्थ घेणे अधिक सुरक्षित ठरेल.

या घंटा वितळवल्या का गेल्या नाहीत, असाही प्रश्न पडतो. युरोपीय घंटेच्या धातूत स्थूलमानाने चार भाग तांबे आणि एक भाग कथील असते. तोफेच्या काशात कथील त्याच्या निम्मे. तांब्याची भर घातली की घंटेची तोफ करता येते. युरोपात तर जिंकलेल्या शहराच्या घंटांवर तोफखान्याच्या अधिपतीचा हक्क मानीत आणि नागरिकांना त्या पैसे भरून सोडवाव्या लागत. मराठ्यांनाही तोफा हव्याच होत्या. तरीही घंटा राहिल्या, याचे कारण धातूच्या मोलापेक्षा त्यांच्या आवाजाचे मोल अधिक वाटले, हेच असावे. चर्चमध्ये घंटा उंच मनोऱ्यात असे आणि दोर ओढून साऱ्या गावाला प्रार्थनेची वेळ कळवी. देवळात ती खाली आली. भक्त आपल्या हाताने लोलक हलवून आपण आल्याचे देवाला सांगू लागला. वाद्य तेच, पण ऐकणारा बदलला. नाशिककरांनी तर तिला भाषेतच नेऊन बसवले : खणखणीत आवाजाच्या, अखंड बोलणाऱ्या माणसाला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात.

अशा वस्तू अलीकडे संग्राहकांच्या दृष्टीस पडू लागल्या आहेत. सन १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते आणि खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाही. मात्र कायद्याच्या कक्षेबाहेरचे एक नुकसान घरच्या घरीच होत असते. भक्तिभावाने दिलेला तैलरंगाचा एक हात उठावाची अक्षरे बुजवण्यास पुरतो. घंटा दिवाणखान्यात गेली तर तिचे ठिकाण हरवते, आणि ठिकाण हरवलेल्या घंटेवरचे वर्ष हा केवळ एक आकडा उरतो.

तपासणीचा एक मार्ग अद्याप मोकळा आहे. प्रत्येक घंटेच्या तोंडाचा व्यास, उंची, अक्षरांचे ठसे आणि वरच्या कड्यांची घडण यांची नोंद एकाच पद्धतीने करता येईल. वसईच्या किल्ल्यात सेंट जोसेफ चर्चचा मनोरा आजही उभा आहे. त्याच्या माथ्यावरील रिकाम्या कमानींची मापे या नोंदींशेजारी मांडून पाहता येतील.