नेपाळी आणि क्रीक समाज : आर्थिक व सामाजिक स्थितीची तुलना

हिमालयाच्या दक्षिण उतारावरील नेपाळ आणि अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील मस्कोगी अथवा क्रीक राष्ट्र यांच्या आर्थिक व सामाजिक परिस्थितीतील साम्यभेदांची ही नोंद आहे. नेपाळ हे २०२१ च्या जनगणनेनुसार २ कोटी ९१ लाख लोकवस्तीचे सार्वभौम राज्य आहे. मस्कोगी राष्ट्राचे नोंदलेले नागरिक एक लाखाहून थोडे अधिक असून ते अमेरिकेचेही नागरिक आहेत. त्यामुळे दोघांचे दरडोई उत्पन्न शेजारी मांडून फारसे काही हाती लागत नाही. क्रीकांच्या इतिहासाशी खरे नाते जुळते ते नेपाळातील लिंबू आणि थारू या जनजातींचे. या तिन्ही समाजांच्या दारिद्र्याला त्यांचे मागासलेपण जबाबदार होते, असे जुन्या प्रशासकीय अहवालांत वारंवार आढळते. जमिनीचा इतिहास पाहिला की ते मत टिकत नाही. सामाईक जमीन कधी कायद्याने, तर कधी कर्जाच्या कागदाने हातची गेली, हे तिन्ही ठिकाणी दिसते.

पूर्वपीठिका : क्रीक ही मुळात एक जमात नव्हती. आजच्या जॉर्जिया आणि अलाबामा राज्यांतील चॅटाहूची, फ्लिंट, कूसा व टॅलापूसा या नद्यांकाठच्या स्वायत्त गावांचा तो संघ होता. प्रत्येक गावाला आपले सभास्थान आणि पवित्र अग्नी असे. नेपाळचे राज्य गोरखा येथील पृथ्वीनारायण शाह यांनी १७६८-६९ मध्ये काठमांडूचे खोरे जिंकून उभे केले आणि लिंबूंची वस्ती असलेला पूर्वेकडील किरात प्रदेश त्याला नंतर जोडला गेला.

दोघांच्याही इतिहासाला कलाटणी मिळाली ती १८१४ ते १८१६ या काळात. मार्च १८१४ मध्ये हॉर्सशू बेंडच्या लढाईत अमेरिकी सेनानी अँड्र्यू जॅक्सनच्या फौजेने क्रीकांच्या ‘रेड स्टिक’ गटाचा पाडाव केला. ऑगस्टमधील फोर्ट जॅक्सनच्या तहाने दोन कोटी एकरांहून अधिक भूमी घेतली गेली. तीत जॅक्सनच्या बाजूने लढलेल्या क्रीकांचीही जमीन होती. त्याच वर्षाअखेर ईस्ट इंडिया कंपनीने नेपाळशी युद्ध सुरू केले आणि १८१६ मध्ये अमलात आलेल्या सुगौलीच्या तहाने नेपाळने कुमाऊँ, गढवाल व तराईचा मोठा भाग गमावला. पुढे मात्र वाटा वेगळ्या झाल्या. नेपाळचे राज्य शिल्लक राहिले आणि कंपनीला त्याच्या डोंगरी तरुणांची पलटणींत गरज होती. क्रीकांच्या जमिनीवर कापूस पिकवायचा होता आणि त्या जमिनीवर खुद्द क्रीक कोणालाच नको होते.

जमीन : क्रीक अर्थव्यवस्था मक्याची शेती आणि शिकार यांवर उभी होती. अठराव्या शतकात चार्ल्स्टन व ऑगस्टा येथील व्यापाऱ्यांना हरणाची कातडी विकून त्या बदल्यात बंदुका, कापड आणि मद्य घेण्याचा व्यवहार वाढला. हरणे कमी झाली, उधारी मात्र वाढतच गेली, आणि ती फेडण्यासाठी जमीन सोडून देण्याचे तह होऊ लागले. १८२५ मध्ये क्रीक प्रमुख विल्यम मॅकिंटॉश याने इंडियन स्प्रिंग्जच्या तहावर सही करून जॉर्जियातील जमीन दिली, तेव्हा क्रीकांच्या राष्ट्रीय सभेने त्याला देहान्त शिक्षा दिली. परवानगीवाचून जमीन देणाऱ्याला मृत्युदंड, हा त्यांचा कायदाच होता.

तरीही १८३२ च्या तहाने अलाबामातील उरलेली जमीन कुटुंबप्रमुखांत वाटण्यात आली : राष्ट्राच्या मुख्य सरदारांना ६४० एकर आणि इतर कुटुंबांना ३२० एकर. वाटलेली जमीन विकता येत होती, आणि सट्टेबाजांनी खोट्या सह्या, तोतये विक्रेते व दारू यांच्या बळावर ती काही वर्षांतच लाटली. उपासमारीतून उठाव झाला आणि त्याचे निमित्त करून १८३६ मध्ये सैन्याने हजारो क्रीकांना मिसिसिपीपलीकडे नेले. काहींच्या हातात बेड्या होत्या. १८३७ मध्ये मिसिसिपीवर ‘मॉनमाउथ’ ही आगबोट दुसऱ्या बोटीवर आदळली आणि तीवरील तीनशेहून अधिक क्रीक मृत्युमुखी पडले.

मिसिसिपीपलीकडच्या इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, त्यांनी पुन्हा गावे वसवली, १८६७ मध्ये संविधान केले आणि ओकमल्गी येथे राजधानी उभारली. जमीन सर्वांची होती. जो जेवढी कसेल तेवढी त्याने वापरावी, अशी रीत होती. ही व्यवस्था १८९८ च्या कर्टिस कायद्याने आणि १९०१ च्या करारनाम्याने मोडली. वाटपासाठी नेमलेल्या डॉज आयोगाने तयार केलेल्या यादीतील सुमारे १८ हजार व्यक्तींना प्रत्येकी १६० एकर जमीन मिळाली. त्यातले ४० एकर घरवाडी म्हणून काही काळ अविक्रेय ठेवले होते. अलाबामातला प्रयोग सत्तर वर्षांनी ओक्लाहोमात तसाच पुन्हा केला गेला, आणि त्याचा परिणाम काय होणार हे करणाऱ्यांना ठाऊक होते, असेच म्हणावे लागते. चिट्टो हार्जो याच्या नेतृत्वाखाली अनेक क्रीकांनी वाटपाचे दाखले घेण्यास नकार दिला. त्यांना अटक झाली.

याच सुमारास, १९०१ मध्ये रेड फोर्क आणि १९०५ मध्ये ग्लेन पूल येथे तेल सापडले. दोन्ही ठिकाणे क्रीक भूमीतच होती. शेजारच्या ओसेज जमातीने १९०६ मध्ये जमिनीची वाटणी मान्य करताना खनिजहक्क सर्वांच्या मालकीचे ठेवले. क्रीकांकडे असे काही उरले नव्हते, कारण तेलही ज्याच्या वाट्याच्या जमिनीखाली निघाले त्याचेच ठरले. १९०८ च्या कायद्याने अनेकांच्या जमिनीवरील विक्रीबंदी उठली आणि अज्ञान मुलांच्या मिळकती राज्याच्या स्थानिक न्यायालयांकडे गेल्या. न्यायालयांनी नेमलेले गोरे पालक या मुलांच्या तेलाच्या उत्पन्नावर गबर झाले. तल्सा शहराच्या वैभवाचा पाया असा घातला गेला.

नेपाळात लिंबूंच्या सामाईक जमिनीला किपट म्हणत. १७७४ च्या राजाज्ञेने तिचे संरक्षण मान्य केले होते आणि ती जमातीबाहेर विकण्यास मनाई होती. पण गहाण ठेवण्यास मुभा होती, आणि तेवढी फट पुरेशी ठरली. पूर्वेकडे आलेले उच्चजातीय बाहुन-छेत्री शेतकरी भोगबंधकीने, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत जमीन कसण्याच्या बोलीवर, किपट ताब्यात घेत. कर्ज फिटत नसे. इलाममधील या स्थित्यंतराचा अभ्यास मानवशास्त्रज्ञ लायनेल कॅप्लान यांनी केला, तर नेपाळच्या भूव्यवस्थेचा समग्र इतिहास महेशचंद्र रेग्मी यांनी सिद्ध केला. त्यांना १९७७ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६४ च्या भूमी कायद्यातील दुरुस्तीने १९६८ मध्ये किपट पद्धत कायद्याने संपली.

थारूंचे झाले ते अधिक वेगाने. तराईतील हिवतापामुळे बाहेरचे लोक तेथे वस्ती करीत नसत. थारूंमध्ये त्या रोगाला बऱ्याच अंशी प्रतिकारशक्ती होती. १८५७ च्या बंडात केलेल्या मदतीबद्दल इंग्रजांनी १८६० मध्ये बांके, बर्दिया, कैलाली व कंचनपूर हा ‘नया मुलुक’ नेपाळला परत दिला, तेव्हा त्यातील मोठे भूभाग सत्ताधारी राणा घराण्याला बिर्ता, म्हणजे इनाम, म्हणून मिळाले. १९५० च्या दशकात अमेरिकी मदतीने डीडीटीची फवारणी सुरू झाली, हिवताप ओसरला आणि डोंगराळ भागातून लोकांचे लोंढे तराईत उतरले. जमिनीची नोंदणी झाली तेव्हा अक्षरओळख आणि सरकारदरबारी ओळख असलेल्यांची नावे लागली. पिढ्यान्‌पिढ्या कसणारे अनेक थारू स्वतःच्याच शेतात कमैया, म्हणजे वेठबिगार, झाले. ‘सौंकी’ नावाचे कर्ज बापाकडून मुलाकडे येई आणि कमैया कर्जासह एका जमीनदाराकडून दुसऱ्याकडे जाई. १७ जुलै २००० रोजी सरकारने ही पद्धत रद्द केली. जमीनदारांनी कमैयांना लगोलग घराबाहेर काढले आणि मुक्त झालेली हजारो कुटुंबे पावसाळ्यात रस्त्याकडेच्या छावण्यांत राहिली. पुनर्वसनात मिळालेले तुकडे पोट भरण्याइतके नव्हते. रोग हटवणे हे निःसंशय सत्कार्य होते. जमिनीचा हक्क आधी नोंदवून मग फवारणी करता आली असती, ही खंत मात्र उरते.

गेलेल्या सामाईकतेतील थोडी नेपाळला परत मिळाली आहे. १९५७ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेली वने १९९३ च्या कायद्यानंतर गावकऱ्यांच्या उपभोक्ता समूहांकडे येऊ लागली. असे वीस हजारांहून अधिक समूह आज वने राखतात आणि उघडे पडलेले डोंगर अनेक जिल्ह्यांत पुन्हा हिरवे झाले आहेत.

आजची उपजीविका : नेपाळच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे एक चतुर्थांशाइतकी रक्कम परदेशी गेलेले कामगार पाठवतात. आखाती देश आणि मलेशिया ही त्यांची मुख्य ठिकाणे आहेत. २०२२-२३ च्या जीवनमान सर्वेक्षणात २० टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली आढळले. सुदूर पश्चिम प्रदेशात हे प्रमाण ३४ टक्के होते. तेथील गरीब कुटुंबांना विमानाचे भाडे आणि दलालाचे पैसे परवडत नाहीत, म्हणून ती भारतात येतात. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे त्यांना परवाना लागत नाही. मुंबई-पुण्यातील सोसायट्यांचे पहारेकरी, रत्नागिरी-सिंधुदुर्गातील हापूसच्या बागांचे राखणदार आणि मच्छीमार नौकांवरील खलाशी यांत नेपाळी माणसे मोठ्या संख्येने आहेत. महाराष्ट्रात त्यांना सरसकट ‘गुरखा’ म्हणतात, मग ती कोणत्याही जिल्ह्यातली वा जातीची असोत. कोकणातील आंब्याचा हंगाम आज त्यांच्यावाचून पार पडणे कठीण आहे. तरी त्यांच्या मुलांची शाळा आणि आजारपण यांची काळजी घेणारी व्यवस्था अपुरीच आहे.

मस्कोगी राष्ट्राला घरपट्टी-जमीनपट्टीचे उत्पन्न नसल्यामुळे ते स्वतःच्या उद्योगांवर आणि संघराज्याच्या निधीवर चालते. १९८८ च्या संघीय कायद्यानंतर कॅसिनो हा मोठा स्रोत झाला. तल्सा येथे आर्कान्सा नदीकाठी राष्ट्राचा मोठा कॅसिनो आहे. त्या पैशातून दवाखाने, घरबांधणी, वृद्धांचे भोजन आणि शिष्यवृत्त्या चालतात. २००४ मध्ये राष्ट्राने स्वतःचे महाविद्यालय स्थापले आणि २०२१ मध्ये तल्सातील एक मोठे रुग्णालय विकत घेतले. अलाबामात मागे राहिलेल्या क्रीकांच्या पोआर्च गटाला १९८४ मध्ये मान्यता मिळाली आणि तो आज संपन्न आहे.

डॉलरमधील उत्पन्नावरून स्थिती जोखण्यातला धोका आयुर्मानात दिसतो. कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, अमेरिकेतील मूलनिवासींचे सरासरी आयुर्मान सुमारे ६५ वर्षांवर घसरले होते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार त्याच वर्षी नेपाळचे आयुर्मान ६८ वर्षांहून अधिक होते. मधुमेह, यकृताचे विकार आणि अपघात ही मूलनिवासींच्या अकाली मृत्यूची मोठी कारणे आहेत, आणि त्यांच्यासाठीची संघीय आरोग्यसेवा दशकानुदशके अपुऱ्या निधीवर चालत आली आहे.

कुळ आणि स्त्री : क्रीक समाज मातृवंशीय आहे. मूल आईच्या कुळाचे असते आणि वारा, अस्वल, पक्षी, हरीण, मगर अशी कुळांची नावे आहेत. पूर्वी घर आणि शेत स्त्रीचे असे, नवरा तिच्या घरी राहायला येई आणि मुलांना वळण लावण्याचे काम मामाकडे असे. १७९६ पासून वीस वर्षे अमेरिकेचा प्रतिनिधी असलेल्या बेंजामिन हॉकिन्सने पुरुषांनी नांगर धरावा आणि स्त्रियांनी सूत कातावे असा धोशा लावला. नेपाळात बहुसंख्य समाज पितृवंशीय आहेत. मुलींना मुलांइतका वारसाहक्क अलीकडेच मिळाला असून तो २०१८ पासून लागू झालेल्या नागरी संहितेत आहे. स्त्रीच्या नावे जमीन केल्यास नोंदणी शुल्कात सवलत मिळते. तरीही २०२१ मध्ये घर वा जमीन स्त्रीच्या नावे असलेली कुटुंबे एक चतुर्थांशाहून कमी होती.

शिक्षण व भाषा : एकोणिसाव्या शतकात क्रीक नेपाळच्या पुढे होते. १८५० मध्ये सुरू झालेली टलाहासी शाळा आणि युफॉला येथील निवासी शाळा राष्ट्राच्या पैशाच्या आधाराने चालत, आणि मस्कोगी भाषेत स्तोत्रे व कायदे छापले जात. त्याच काळात काठमांडूत राणांनी १८५४ च्या सुमारास दरबार शाळा काढली ती स्वतःच्या मुलांपुरती. एकशेचार वर्षांच्या राणाशाहीनंतर, १९५० च्या दशकाच्या आरंभी, नेपाळची साक्षरता पाच टक्क्यांच्या आसपास होती. २०२१ मध्ये ती ७६ टक्के झाली. भाषेच्या बाबतीत चित्र उलटे आहे. नेपाळात १२४ मातृभाषा नोंदल्या गेल्या असून लिंबू आणि थारू बोलणारे लाखांनी आहेत, तर मस्कोगी सफाईने बोलणारे आता थोडेच असून ते प्रामुख्याने वृद्ध आहेत. क्रीकांचा हिरव्या कणसाचा वार्षिक विधी मात्र सभास्थानांच्या अग्नीभोवती अजून होतो. मका अमेरिकेतून जगभर गेला आणि नेपाळच्या डोंगरांत तो भातानंतरचे दुसरे पीक झाला. तेथील मक्याच्या पिठाचे ढिँडो आणि क्रीकांची सोफ्की ही पेज या दोन्हींचा आधार हेच धान्य आहे.

अंतर्गत विषमता : अन्याय सोसलेल्या समाजातही वरचे आणि खालचे थर असतात. नेपाळच्या १८५४ च्या मुलुकी ऐन या कायदासंहितेने सर्व जातींची उतरंड कायद्यात लिहिली. थारूंना गुलाम करता येण्याजोग्या वर्गात टाकले आणि दलितांना अस्पृश्य ठरवले. गुलामगिरी १९२० च्या दशकात राणा पंतप्रधान चंद्र शमशेरने संपवली. १९६३ च्या ऐनने अस्पृश्यतेचा कायदेशीर आधार काढून घेतला आणि २०११ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र दंडकायदा झाला. तरी लोकसंख्येत सुमारे १३ टक्के असलेले दलित भूमिहीनांत त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात आढळतात.

क्रीकांमधील धनिक कुटुंबांकडे आफ्रिकी गुलाम होते. सक्तीच्या स्थलांतरात ते गुलामही मालकांबरोबर पश्चिमेकडे गेले. यादवी युद्धानंतर १८६६ च्या तहाने त्यांना व त्यांच्या वंशजांना पूर्ण नागरिकत्व मिळाले. डॉज यादीत त्यांची नावे वेगळ्या भागात लिहिली गेली, आणि १९७९ च्या संविधानाने नागरिकत्व ‘रक्ताने क्रीक’ असलेल्यांपुरते ठेवताना याच विभागणीचा आधार घेऊन त्यांना वगळले. राष्ट्राच्या हक्कांसाठीही हाच १८६६ चा तह महत्त्वाचा ठरला. जुलै २०२० मध्ये मॅकगर्ट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निर्णय दिला, की क्रीकांची राखीव भूमी काँग्रेसने कधीच रद्द केलेली नाही. या निर्णयाने खाजगी मालकी बदलली नाही, पण तल्साच्या मोठ्या भागासह अकरा परगण्यांतील मूलनिवासींविरुद्धचे फौजदारी खटले ओक्लाहोमा राज्याच्या हातून गेले. जो तह आपल्या भूमीसाठी बंधनकारक, तो मुक्त केलेल्यांच्या वंशजांसाठीही बंधनकारक असला पाहिजे, हा त्या वंशजांचा युक्तिवाद होता. जुलै २०२५ मध्ये मस्कोगी राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन त्यांचा नागरिकत्वाचा हक्क मान्य केला.