ऑनलाइन पोकर संकेतस्थळांची विश्वासार्हता

ऑनलाइन पोकर संकेतस्थळाची विश्वासार्हता ही संज्ञा पैसे लावून पोकर खेळण्याची सोय देणाऱ्या संकेतस्थळांच्या संदर्भात वापरली जाते. संकेतस्थळ पत्ते निःपक्षपातीपणे वाटते, एका खेळाडूचे झाकलेले पत्ते दुसऱ्याला दिसू देत नाही आणि खेळाडूंनी जमा केलेली रक्कम मागणी होताच परत करू शकते, या तीन बाबींची खात्री तीत अभिप्रेत असते. पोकरमध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात आणि चालक कंपनीला डावातील रकमेचा ‘रेक’ नावाचा ठरावीक हिस्सा मिळतो. त्यामुळे कोण जिंकतो यात कंपनीचा थेट स्वार्थ नसतो. मात्र पत्ते, नोंदी आणि पैसा हे तिन्ही तिच्याच ताब्यात असल्याने खेळाडूला स्वतः पडताळणी करण्यास फारच कमी वाव राहतो.

पत्ते पिसण्याची प्रक्रिया

खऱ्या पैशांवरील ऑनलाइन पोकरची सुरुवात १९९८ साली ‘प्लॅनेट पोकर’ या संकेतस्थळाने झाली. आपले पत्ते निष्पक्षपणे पिसले जातात हे पटवून देण्यासाठी त्यासाठीची आज्ञावली प्रसिद्ध करण्यात आली होती. १९९९ साली अमेरिकेतील संगणक-सुरक्षा संशोधकांनी तिच्यातील गंभीर दोष दाखवून दिला. ५२ पत्त्यांचा कॅट जितक्या वेगवेगळ्या क्रमांनी लागू शकतो, ती संख्या ८ या अंकापुढे सुमारे ६७ शून्ये दिल्याइतकी मोठी आहे. या आज्ञावलीतील प्रारंभिक संख्या मात्र दिवसाच्या मिलिसेकंदांवर, म्हणजे ८ कोटी ६४ लाख शक्यतांवर अवलंबून होती. संगणकाचे घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवून घेतल्यास या शक्यता सुमारे दोन लाखांपर्यंत खाली येत. हातातील दोन आणि पटावरील पहिले तीन पत्ते कळताच उरलेला संपूर्ण कॅट ओळखता येत असे. त्यानंतर यादृच्छिक संख्या निर्माण करणाऱ्या यंत्रणेची स्वतंत्र प्रयोगशाळेकडून तपासणी करून घेण्याची पद्धत रूढ झाली.

अंतर्गत फसवणूक

पत्ते योग्य रीतीने पिसले गेले, तरी ते कोणाला दिसतात हा प्रश्न उरतो. २००७ साली ‘अ‍ॅब्सोल्यूट पोकर’वरील एका स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या खेळाडूने आपल्या डावांची नोंद मागवली. कंपनीने पाठवलेल्या धारिकेत सर्वच खेळाडूंचे झाकलेले पत्ते होते. त्यांचे विश्लेषण करून खेळाडूंनी असे दाखवले की, विजेत्याचे निर्णय इतरांचे पत्ते माहीत असल्याप्रमाणे होते. कंपनीने आधी आरोप नाकारला व नंतर आतील व्यक्तीने यंत्रणेचा गैरवापर केल्याचे मान्य केले. ‘अल्टिमेटबेट’ या संकेतस्थळावरही असाच प्रकार मे २००४ ते जानेवारी २००८ या काळात चालल्याचा निष्कर्ष कॅनडातील काह्नावाके गेमिंग आयोगाने काढला. आयोगाने पहिल्या प्रकरणात पाच लाख, तर दुसऱ्या प्रकरणात १५ लाख डॉलर दंड केला आणि खेळाडूंना भरपाई देण्यास लावले. दोन्ही संकेतस्थळांची मालकी काह्नावाके या मोहॉक वसाहतीच्या माजी प्रमुखाच्या कंपनीकडे असल्याने नियामकाच्या स्वतंत्रतेविषयीही प्रश्न उपस्थित झाले. या दोन्ही प्रकरणांत गैरप्रकाराचा पहिला सुगावा नियामकाला नव्हे, तर नोंदींचा अभ्यास करणाऱ्या खेळाडूंना लागला.

खेळाडूंच्या ठेवी

१५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकेच्या न्याय विभागाने ‘पोकरस्टार्स’, ‘फुल टिल्ट पोकर’ आणि ‘अ‍ॅब्सोल्यूट पोकर’ यांच्या संस्थापकांसह ११ जणांवर आरोपपत्र जाहीर केले. पोकर जगतात हा दिवस ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणून ओळखला जातो. ‘पोकरस्टार्स’ने खेळाडूंच्या ठेवी कंपनीच्या खर्चाच्या पैशांपासून वेगळ्या ठेवल्या होत्या. त्यामुळे अमेरिकी खेळाडूंची रक्कम ती लवकर परत करू शकली. ‘फुल टिल्ट पोकर’ला हे जमले नाही. न्याय विभागाच्या म्हणण्यानुसार, ३१ मार्च २०११ रोजी ही कंपनी खेळाडूंना सुमारे ३९ कोटी डॉलर देणे लागत होती आणि तिच्या बँक खात्यांत केवळ सुमारे सहा कोटी डॉलर होते. खेळाडूंच्या पडद्यावर दिसणाऱ्या शिलकीमागे तेवढा पैसा नव्हताच. कंपनीला परवाना देणाऱ्या ऑल्डर्नी जुगार नियंत्रण आयोगाने जून २०११ मध्ये तो निलंबित व सप्टेंबरमध्ये रद्द केला. पुढे २०१२ साली ‘पोकरस्टार्स’ने न्याय विभागाशी तडजोड करून ‘फुल टिल्ट’ची मालमत्ता घेतली. अमेरिकी खेळाडूंना परतफेड सुरू होण्यास मात्र २०१४ साल उजाडले.

विश्वासार्हतेचे निकष

या प्रकरणांवरून पुढील बाबी महत्त्वाच्या मानल्या जातात :

• परवाना देणारी संस्था कोणती, ती चालक कंपनीपासून स्वतंत्र आहे का आणि परवान्याची नोंद त्या संस्थेकडे पडताळता येते का.
• ठेवी स्वतंत्र खात्यात किंवा न्यासात आहेत का आणि कंपनी दिवाळखोरीत निघाल्यास त्यांना कितपत संरक्षण आहे. ब्रिटनमध्ये या संरक्षणाची पातळी ग्राहकास कळवणे बंधनकारक आहे. परंतु केवळ ती कळवल्याने ठेव सुरक्षित होत नाही.
• खेळाडूला आपल्या डावांच्या संपूर्ण नोंदी मिळतात का.
• रक्कम काढण्याच्या विनंत्या वेळेवर पूर्ण होतात का. पैसे परत मिळण्यास वाढता विलंब हे आर्थिक अडचणीचे लक्षण मानले जाते.

प्रसिद्ध खेळाडूंची जाहिरात, आकर्षक बोनस किंवा संकेतस्थळावरील गर्दी ही विश्वासार्हतेची खूण ठरत नाही. ‘फुल टिल्ट’शी तर नामवंत व्यावसायिक खेळाडू मालक म्हणूनही जोडलेले होते.

भारतातील स्थिती

महाराष्ट्रात लागू असलेल्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातून केवळ कौशल्याचे खेळ वगळलेले आहेत. पोकर कौशल्याचा खेळ आहे की नशिबाचा, याबाबत मात्र भारतातील उच्च न्यायालयांनी वेगवेगळे निर्णय दिले आहेत. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन अधिनियमाने हा भेद बाजूला ठेवून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. चालकांसाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळाडूंसाठी शिक्षा नाही. त्यानंतर प्रमुख भारतीय कंपन्यांनी पैशांवरील पोकर बंद केले. या कायद्यानुसार असा खेळ चालवण्याचा परवाना कोणत्याही संकेतस्थळाला मिळू शकत नाही. त्यामुळे परदेशी संकेतस्थळावर अडकलेल्या ठेवीसाठी भारतीय खेळाडूला दाद मागता येईल असा देशांतर्गत परवाना-नियामक उपलब्ध नाही.