नावांनी भरलेली अक्षरे : गुलजार लिपीपासून गोंदियाच्या फलकापर्यंत (थ्रेड)

१/ १ मे हा महाराष्ट्र दिन. गोंदियाकरांसाठी त्याचे महत्त्व दुहेरी आहे, कारण १९९९ साली याच दिवशी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. समजा, या दिवसासाठी कोणी फलक करायला घेतला : भल्यामोठ्या अक्षरांत 'गोंदिया', आणि त्या अक्षरांच्या पोटात जिल्ह्यातील गावांची बारीक नावे. संगणकावर हे काम तासाभराचे वाटते. त्यामागची परंपरा मात्र हजार वर्षांची आहे. तिच्यात एक जुना प्रश्नही आहे : अक्षराच्या कडेवर येणाऱ्या नावाचे काय करायचे?

२/ आरंभ पश्चिम आशियातून करू. हिब्रू बायबलच्या हस्तलिखितांत मूळ पाठ शुद्ध राहावा म्हणून 'मसोरा' नावाच्या टिपा लिहीत. कोणता शब्द किती वेळा येतो, कसा लिहायचा, याची ती नोंद असे. लेखनिकांनी या टिपा अतिसूक्ष्म अक्षरांत लिहून त्यांच्या ओळी वळवल्या आणि त्यांतून तारे, वर्तुळे, वेलबुट्ट्या साकारल्या. इ. स. १००८ च्या सुमारास कैरोत पूर्ण झालेल्या 'लेनिनग्राड कोडेक्स'मध्ये अशी पाने आजही पाहता येतात.

३/ मोठ्या अक्षराचे पोट भरण्याची कला फुलली ती फारसी सुलेखनात. तिचे नाव 'गुलजार', म्हणजे फुलबाग. आधी मोठ्या अक्षराची केवळ बाह्यरेषा आखायची, मग आतील मोकळी जागा फुले, पाने, पक्षी किंवा बारीक मजकुराने भरायची. सूक्ष्म लिपीला 'गुबार' म्हणत. गुबार म्हणजे धूळ. धुळीच्या कणांएवढ्या अक्षरांनी भरलेली बाग, असे हे चित्र.

४/ भारतातील एक उदाहरण थक्क करणारे आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकांत, सुलतानांच्या राजवटीत, येथे सुती अंगरखे तयार होत आणि त्यांवर लहान लहान चौकटींत कुराणाचा पाठ लिहिला जाई. काठाला ईश्वराची ९९ नावे असत. हे वस्त्र परिधान करणाऱ्याचे रक्षण करते, अशी श्रद्धा होती. अशा वस्त्रावर एखादे नाव अर्धवट ठेवून चालणार नव्हते. जागा अपुरी पडली तर लेखनिक अक्षर बारीक करी, ओळ वळवी. नाव मात्र तोडत नसे.

५/ संस्कृतातही याचे एक भावंड आहे : चित्रबंध. भारवीच्या 'किरातार्जुनीया'च्या पंधराव्या सर्गात आणि माघाच्या 'शिशुपालवधा'च्या एकोणिसाव्या सर्गात असे श्लोक आहेत, जे विशिष्ट आकृतीत मांडूनही वाचता येतात. तेथे आकृतीत बसेल असाच शब्द कवी निवडतो. नावांच्या यादीत ही मुभा नसते. गावाचे नाव आपण बदलू शकत नाही.

६/ मुद्रणयुगाने या कलेला काही काळ अडवले. शिशाचे खिळे सरळ ओळीतच बसतात. त्यांना वळवणे कठीण. १७९६ साली झेनेफेल्डरने शोधलेल्या शिळामुद्रणाने ही अडचण दूर केली, कारण दगडावर हात वळेल तसे लिहिता येते. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापले, तेही शिळाप्रेसवर.

७/ त्यानंतरचे मोठे वळण संगणकाचे. १९८७ साली इलस्ट्रेटर आणि १९८९ साली कोरलड्रॉ बाजारात आले. त्यांत अक्षर ही एक बंदिस्त वक्ररेषा झाली, जणू एक भांडे. आज गावोगावच्या फ्लेक्सच्या दुकानांत हे भांडे भरण्याच्या दोन रीती दिसतात, आणि दोन्हींत इतिहासाला अपरिचित असा एकेक धोका आहे.

८/ पहिली रीत पॉवरक्लिपची. नावांचा एक मोठा ठोकळा करायचा आणि तो अक्षराच्या आकारात कोंबायचा. कडेबाहेरचे सारे झाकले जाते. 'आमगाव'चे 'मगाव' होते. दुसरी रीत अक्षराचे कर्व्हमध्ये रूपांतर करून त्याच्या आत मजकूर ओतण्याची. येथे शब्द मधोमध कापला जात नाही. पण जागा संपली की उरलेली नावे दिसेनाशी होतात. यादी अकारविल्हे असेल तर हा फटका शेवटच्यांना बसतो. तालुक्यांपुरते पाहिले तर शेवटची नावे कोणती? सडक अर्जुनी आणि सालेकसा. जिल्ह्याच्या एका टोकाला, छत्तीसगडच्या सीमेलगत असलेला सालेकसा फलकावरूनही निसटायचा!

९/ क्रम ही क्षुल्लक बाब नव्हे. १९३१ साली उद्घाटन झालेल्या दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरलेली आहेत. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकाच्या (१९८२) भिंतीवर ५८ हजारांहून अधिक नावे आहेत. तिची रचनाकार माया लिन हिने ती अकारविल्हे न लावता मृत्यूच्या दिनांकानुसार लावली. त्यामुळे एकत्र पडलेले सोबती दगडावरही एकत्र राहिले. क्रम बदलला की स्मरणाचा अर्थ बदलतो.

१०/ आता आपला शब्द पाहा : गोंदिया. यात पाच उभे दंड आहेत. त्यांत आखूड नावेच आडवी बसतील. अनुस्वाराच्या टिंबात फार तर एखादे नाव. सर्वांत लांब, सलग पट्टी शिरोरेषेची. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव ही आठ तालुक्यांची नावे तेथे एका ओळीत मांडता येतील. त्यांच्याखाली ज्या त्या तालुक्याची गावे. नकाशा नसला तरी रचना नकाशासारखीच बोलेल.

११/ आणखी एक कसोटी. विदर्भाच्या महसुली दप्तरांत काही गावांपुढे 'रिठी' असा शेरा असतो. म्हणजे शिवार आहे, नाव आहे, पण वस्ती नाही. ही नावे घ्यायची की वगळायची? संगणक याचे उत्तर देत नाही. माझे मत, घ्यावीत. माणसे गेल्यावर गावाचे जे उरते, ते नावच.

१२/ म्हणून असा फलक करणाऱ्या तरुण मित्रांना एवढेच सांगणे : आधी नावे मोजा, भरून झाल्यावर पुन्हा मोजा. युनिकोडपूर्व फॉन्ट वापरत असाल तर प्रत्येक जोडाक्षर तपासा. कडेवरचे नाव हाताने आत घ्या. दुरून पाहणारा मोठा शब्द वाचेल. पण कोणीतरी जवळ येऊन, बोट फिरवत, आपले गाव शोधेल. ते त्याला पूर्ण सापडले पाहिजे.