भुईआवळी

भुईआवळी (शास्त्रीय नाव: फायलँथस अमारस, संस्कृत: भूम्यामलकी) ही पावसाळ्यात शेतात, बांधावर व पडीक जमिनीत उगवणारी लहान वर्षायू वनस्पती आहे. डहाळीच्या खालच्या अंगाला आवळ्याच्या घाटाची बारीक फळे ओळीने लागतात. त्यावरून हे नाव पडले. महाराष्ट्रात काविळीवरील घरगुती औषध म्हणून ती सर्वपरिचित आहे.

लोकवापर

ताजे झाड मुळासकट वाटून दुधातून किंवा ताकातून अनशापोटी घेण्याची रीत आहे. हिर्डोशी (ता. भोर) परिसरासारख्या सह्याद्रीच्या अतिपावसाच्या पट्ट्यात भुईआवळी उगवण्याचा आणि गढूळ पाण्यामुळे काविळीची भीती वाढण्याचा हंगाम एकच, पावसाळा. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस 'ए' व 'ई' ही कावीळ बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्यामुळे रोग ओसरल्याचे श्रेय औषधाला जाणे स्वाभाविक आहे. एखाद्याला 'गुण आला' एवढ्यावरून औषधाची परिणामकारकता सिद्ध होत नाही.

देवडांगरीच्या फळाचे पाणी नाकात सोडण्याचा उपाय मात्र वेगळा. त्याने नाकातून वाहणारा पिवळा स्राव म्हणजे बाहेर पडलेली कावीळ नव्हे. तो नाकाच्या अंतस्त्वचेच्या दाहामुळे येतो.

संशोधन

१९८८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एस. पी. त्यागराजन व सहकाऱ्यांनी मद्रास येथील चाचणी प्रसिद्ध केली. हिपॅटायटिस 'बी'च्या वाहकांना या वनस्पतीची २०० मिलिग्रॅम पूड दिवसातून तीनदा, ३० दिवस देण्यात आली. ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचे पृष्ठीय प्रतिजन नाहीसे झाले. निरौषध पूड घेतलेल्या २३ जणांत असा एकच होता. चाचणी लहान होती, पण तिने जगाचे लक्ष वेधले. पुढे इतरत्र झालेल्या चाचण्यांत असे यश मिळाले नाही. २०११ च्या कॉक्रन समीक्षेलाही निरौषध उपचाराहून ती सरस असल्याचा खात्रीशीर पुरावा आढळला नाही.

धोके

कावीळ हे लक्षण आहे. त्यामागे पित्तनलिकेतील खडा, मद्यजन्य यकृतविकार किंवा कर्करोगही असू शकतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत हिपॅटायटिस 'ई'मुळे २० ते २५ टक्क्यांपर्यंत रुग्ण दगावू शकतात. अशा वेळी काढ्यापायी गेलेले दिवस महागात पडतात. गुंगी, असंबद्ध बोलणे, रक्तस्राव किंवा सतत उलट्या ही यकृत निकामी होत असल्याची चिन्हे असू शकतात. अशा रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते.