४० केबीचा मारिओ आणि बंद पडलेला सर्व्हर

आज माळ्यावरची एक जुनी कॅसेट खाली काढूया.

टीव्हीला जोडायचा तो व्हिडिओ गेम आठवतोय? कॅसेटवर छापलेलं असायचं लाखो गेम्स, आणि आत फिरून फिरून तेच दहा-बारा! आपल्याकडे आलेल्या त्या मशिन्स बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये आला १५ जुलै १९८३ ला.

त्यावरचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' १९८५ चा. अख्खा गेम फक्त ४० किलोबाइटचा. घरच्या ग्रुपवर येणारा 'शुभ सकाळ'चा फोटोही बहुतेक वेळा याहून जड असतो! मग एवढ्यात सगळं बसवलं कसं? नीट बघा, आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललाय. मारिओची टोपीसुद्धा सोयीची. इतक्या कमी ठिपक्यांत केस काढणं अवघड, म्हणून टोपी घातली. नाक उठून दिसावं म्हणून मिशी.

पण 'जुनं ते सोनं' म्हणून मी नव्याला नावं ठेवणार नाही. रात्री बीजीएमआय मीही खेळतो. शंभर जण एका मॅपवर, कानात मित्रांचा आरडाओरडा. ही मजा कॅसेटमध्ये कुठली?

मात्र २०२० आठवा. २ सप्टेंबरला पबजी मोबाइलवर बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला भारतातली सेवा बंद झाली. गेम फोनमध्ये होता, पण खेळता येईना. बीजीएमआय आला थेट जुलै २०२१ मध्ये. मधल्या काळात मी ती जुनी कॅसेट लावली. चालू! (आणि हो, फुंकर मारून काही होत नव्हतं. काढून परत लावल्यामुळे चालायची. फुंकरीच्या ओलाव्याने उलट पिना गंजायच्या.)

मला खरी काळजी इथेच वाटते. कॅसेट नीट राहिली तर चाळीस वर्षांनीही चालते. सर्व्हरवरचा गेम मात्र सर्व्हरबरोबरच जातो. उद्या कुणाला आपल्या काळाचा इतिहास सांगायचा झाला, तर तो दाखवणार काय?

म्हणून दोन कामं करा. माळ्यावरची कॅसेट भंगारात देऊ नका. आणि आज रात्रीची मॅच, मित्रांच्या आवाजासकट, रेकॉर्ड करून ठेवा.

भेटू पुढच्या भागात!